'सी'वर अडलेले मास्तर

कोशमास्तरांइतका राग मला आयुष्यात दुसऱ्या कुणाचा आला नाही. भिंगारच्या छावणीत गोऱ्या साहेबांना मराठी शिकवायचं आणि उरल्या वेळात इंग्रजी-मराठी कोश लिहायचा, हा त्यांचा उद्योग. लढाई चालू होती. त्यांची नजर अधू होत चालली होती आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती, म्हणून पक्की प्रत मी करायची. नगरच्या शाळेतले माझे तास संपले की टांग्याने भिंगार गाठायचे. आणि मास्तर सहा महिने 'सी'वर ठाण मांडून!

शब्द होता 'कन्सीव्ह'. मनात कल्पना येणे हा त्याचा अर्थ, आणि दिवस जाणे हाही. मी म्हणायचे, दोन्ही अर्थ लिहू आणि पुढे जाऊ. "बाई, इंग्रजाला एक शब्द पुरतो, मग आपल्याला दोन का?" मास्तर म्हणायचे. त्यांच्या एका साहेबाला खानसाम्यावर रागवायचं होतं, 'तू असं का केलंस, कल्पनाच करवत नाही.' जुन्या कोशातला पहिला अर्थ उचलून तो म्हणाला, "तू असं का केलंस, मला गर्भ राहत नाही!" सगळी छावणी हसली. "माझा विद्यार्थी होता तो," मास्तर दर वेळी सांगायचे. मला हसू आलेलं त्यांना खपायचं नाही.

एकदा दूधवाली दारात आली. "मास्तर, उद्यापास्नं दूध कमी. म्हशीनं औंदा गाभ धरला न्हाई."

मास्तर ताडकन उठले. "धरला! लिहा बाई! मूळ लॅटिनातही तेच, आत घेणं, धरणं. गाभ धरणे, मनात धरणे!"

मला इतकं हायसं वाटलं! मी लगेच पुढचा शब्द विचारला.

"थांबा. 'ॲक्सेप्ट' त्याच मुळातला. पुन्हा 'ए'पासून बघावं लागेल."

"तुमचे डोळे थांबणार आहेत का तोवर?" मी ओरडले आणि टांगा धरला. आठवडाभर तिकडे फिरकले नाही.

डोळे गेलेच, दुसऱ्यांदा 'बी' संपायच्या आत. पुढे साहेब गेले, शिकवण्या गेल्या. मास्तर लेकीकडे सोलापूरला निघाले. वह्यांचं गाठोडं चाचपडत त्यांनी माझ्या हातात दिलं.

"लई त्रास दिला तुम्हाला. मनात धरू नका, बाई."

तेवढं मी ऐकलं नाही. घरी आले, मनात धरलं आणि रागारागाने 'बी'चं अर्धं राहिलेलं पान पुढे ओढून लिहायला बसले.