निघू का?

फियोना बरोबर पाचला कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढते आणि सरळ घरी जाते. मला न विचारता! डब्लिनमधल्या या अकाउंट्सच्या टीमचा मॅनेजर मी आहे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. केबिनच्या काचेवर तसं लिहिलंय.

पुण्याच्या ऑफिसात मी बारा वर्षं रोज साहेबांच्या दारात उभा राहिलो. बॅग मुद्दाम खुर्चीवर ठेवून जायचो, म्हणजे निघायचं आधीच ठरवलंय असं दिसू नये. "साहेब, निघू का?" साहेब मान खाली घालूनच म्हणायचे, "निघालात पण?" बाहेर तेव्हा चांगला अंधार पडलेला असायचा. माणूस वर चढतो तो काही नुसत्या पगारासाठी नव्हे. कधीतरी साहेबांचे हे दोन शब्द आपल्यालाही म्हणता यावेत म्हणून.

इथे आल्यावर पहिला आठवडाभर मी पाचला मान खाली घालून तयार बसायचो. कोणी फिरकलंच नाही. शुक्रवारी मात्र फियोनाने दार ढकललं. मी खुललो. ती काळजीने म्हणाली, "घरी काही भांडण झालंय का तुझं? रोज मागे थांबतोस."

मग मीही उठलो. दारापर्यंत गेलो आणि सवयीने मागे वळून म्हणालो, "निघू का?"

माझ्या खुर्चीत माझीच बॅग ऐटीत बसली होती. ती काही बोलेना, म्हणून तिच्या वतीने मीच म्हणालो, "निघालात पण?"

आणि ओशाळून आणखी तासभर काम केलं.