मृत्युपत्रातली अकरा नावं

पडदा वर जातो तेव्हा साल आहे एकोणीसशे शहात्तर, आणि उन्हाळा. नागपूरच्या महालातली अरुंद गल्ली, त्या गल्लीत एक छापखाना. डावीकडे ट्रेडल मशीन धडधडतंय, उजवीकडे खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, खणाखणांच्या लाकडी केसा, आणि मधोमध उंच स्टुलावर बसलेत आपले नायक, रुपराव कंपोझिटर. वय बेचाळीस, बोटं शाईनं काळी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. लग्नपत्रिका जुळवाव्यात तर त्यांनीच, असा गल्लीत लौकिक. पण आज भर लग्नसराईत त्यांच्या हातात वेगळाच मजकूर आहे. स्वतःचं मृत्युपत्र.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं होतं की हृदयाची झडप बिघडली आहे, जपून राहा. बायको उत्तरा दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेलेली. घरी दहा वर्षांची सिंधू आणि पाच वर्षांचा गोविंदा. तब्येत बघायला आलेल्या नातेवाइकांनी चहा पिता पिता मुलं वाटूनही टाकली. गोविंदा चुलतकाका मारोतरावांकडे जाईल, त्यांना मुलगा नाही. सिंधू मावशीकडे, मुलीच्या जातीला बाईमाणूस हवं. कुणाच्या मनात पाप नव्हतं, उलट माया होती. रुपरावांना धडकी भरली ती त्या मायेचीच. आपल्यामागे दोन्ही पोरं एकाच घरात राहावीत, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून त्यांनी कागद केला. पण हात पडला पत्रिकेचा! जन्मभर त्यांनी सगळ्यांचे मान सांभाळले होते. नवरदेवाच्या आत्याच्या यजमानांचं नाव राहिलं म्हणून पंगत अडलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हा पालक म्हणून त्यांनी मानाच्या क्रमानं अकरा नावं जुळवली, थोरल्या काकांपासून सावनेरच्या मामांपर्यंत. भोवती वेलबुट्टीची किनारही टाकली.

ओमप्रकाश वकिलांनी तो कागद पाहिला आणि ते पोट धरून हसले.

"अरे भाई रुपराव, ये वसीयत आहे का शादी का कार्ड? बस एक गणपती राहिला वर!"

"हसता काहून, वकीलसाहेब? कोणाचा अपमान नको."

"उद्या पोराच्या शाळेत सही लागली, तर अकरा जण लाईन लावतील काय? अन् हे अकरा जण भांडले की पोरं कुठं जातील?"

रुपरावांनी कागद उचलून त्या अकरा नावांवरून बोट फिरवलं.

"वाटल्या जातील. तुमच्याच कागदानं," वकील म्हणाले. त्यांचं हसू ओसरलं होतं. "एक नाव लिहा. ते नसलं तर दुसरं कोण, तेही लिहा. आणि ज्याचं लिहाल त्याले पहिले विचारा."

रुपराव तिथून उठले ते थेट उत्तराच्या थोरल्या बहिणीकडे, यमुताईंकडे. यमुताई एका दवाखान्यात नर्स, एकट्या राहणाऱ्या, जिभेनं तिखट. दोन्ही पोरांचं नाक त्यांच्या पदराला पुसलेलं.

"आता आठवण आली काय?" त्या म्हणाल्या. "सगळे येऊन सिंधू तुमची, सिंधू तुमची म्हणून राहिले. मले एकानं तरी विचारलं?"

"मी विचारून राहिलो ना. सिंधू एकटी नाही, दोघंही. सांभाळाल?"

यमुताईंनी तोंड फिरवून कपाटाची झडप विनाकारण उघडली आणि लावली. "लिहा," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही औषध वेळेवर घ्यायचं. मले घाई नाही."

आता उरला सगळ्यात अवघड प्रवेश. मारोतराव, म्हणजे रुपरावांचे थोरले चुलतभाऊ. आईबाप गेल्यावर रुपराव लहानाचे मोठे झाले ते यांच्याच घरी. रविवारी सकाळी रुपरावांनी त्यांना घरी बोलावलं आणि नवा कागद संमतीच्या सहीसाठी पुढे ठेवला. एक नाव यमुताईंचं. त्या नसल्या तर मारोतरावांनी दोन्ही पोरांना एकत्र सांभाळायचं. मारोतरावांनी वाचला, परत वाचला. त्यांचा चेहरा उतरला.

"दुसऱ्या नंबरले टाकलं मले? काहून गा रुप्या, माह्या घरी तुले काय कमी पडलं?"

"काहीच नाही, दादा. तुह्या आईनं तुह्या आधी मले जेवायले वाढलं. तुही सायकल मी मोडली तरी तू मार खाल्ला."

"मंग?"

"आईबाप गेले तेव्हा मी तुह्याकडे आलो, देवकी मामाकडे गेली ना पण. माही सख्खी बहीण, चार वर्षांनं मोठी. तिथं तिलेही जीव लावला सगळ्यांनं. पण गेल्या संक्रांतीले सावनेरले गेलो, तर मले म्हणते, 'बसा ना, रुपराव.' पाहुण्याले म्हणावं तसं. मले 'रुप्या' म्हणायची तिले सवयच नाही लागली, दादा."

मारोतरावांनी कागद जवळ ओढला. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, पण टोपण काही काढलं नाही.

"तुहं अन् यमुताईचं ठरलंच आहे म्हणा. पण रुप्या, दिवाळीले तरी पोरं माह्याकडे पाठवशीन ना?"

रुपराव पहिल्यांदाच मोकळे हसले.

"अरे दादा, मी अजून जित्ता आहो ना! या दिवाळीले तिघंही येतो, चकल्या जास्तीच्या कर म्हणा वहिनीले."

मारोतरावांनी पेनाचं टोपण काढलं.