वासराची तार

बारा नोव्हेंबर. आज लहान गाडीची तार बदलायला घेतली. उद्या आमचा फिरता दवाखाना इंद्रवेल्लीकडे निघेल, पहिल्यांदाच गुलाबदादांशिवाय.

आमच्या बसमध्येच दवाखाना आणि बसमध्येच मुक्काम. बस शिरत नाही अशा वाटांसाठी मागे एक लहान कार जोडलेली असते. जोडाचा हुक तुटलाच, तर दोन्ही गाड्यांमधली बारीक तार ताणली जाऊन कारमधली पिन उपसते आणि कारचे ब्रेक आपोआप लागतात. म्हणून तारेचं टोक हुकात नाही, बसच्या सांगाड्याला अडकवायचं. चालक गुलाबदादा निघण्याआधी ती रोज ओढून बघत. कारला ते वासरू म्हणत. उशीर होतो म्हणून मी करवादले की म्हणत, "सिस्टर, तुमी सुई टोचाच्या आधी हवा काढता, तवा मी काई म्हनतो काय?"

दसऱ्याला त्यांनी दोन्ही गाड्या धुतल्या. हुक घासायला तार सोडली, हुकाला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि त्याच नादात तारही हुकातच अडकवली. हार सुकून गळेपर्यंत पूजेच्या जागी हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. त्यामुळे ओढून बघणंही राहिलं.

पुढच्याच फेरीत चढावर मागून करकर ऐकू आली. दादा बस थांबवून मागे गेले, आणि ते वाकून बघत असतानाच हुक तुटला. तार हुकाबरोबरच निघून आली, पिन उपसलीच नाही. कार उताराने मागे सुटली. खाली मोरीजवळ बाया लेकरं घेऊन आमची वाट बघत बसल्या होत्या. दादांनी खिडकीतून अर्धं आत शिरून स्टिअरिंग ओढलं. कार वळली आणि सागावर आदळली. मध्ये दादा होते.

गावातल्या एका जीपमधून आदिलाबादला पोचेपर्यंत मी त्यांची जखम दाबून धरली होती. रक्त थांबत नव्हतं. दवाखान्यात त्यांनी आधी बायांचं विचारलं. कोणाला खरचटलंही नाही, मी सांगितलं. मग ते एकच विचारत राहिले.

"तार बसलीच होती ना?"

खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली त्यांची बायको, सुमनवहिनी, माझ्याकडे बघून हात जोडत होती. हो म्हणा, एवढंच तिचं म्हणणं. माझ्या जिभेवरही तेच आलं होतं.

"नाही दादा. हुकाला होती. हारासोबत."

वहिनीने तोंडाला पदर लावला.

"म्हन्जे तार खोटी नोती," दादा म्हणाले. "मले वाटलं, इतके दिवस खोट्यावरच इस्वास ठेवला. नव्या मानसाले बराबर दाखवजा, सिस्टर."

पहाटे ते गेले.

तेरा नोव्हेंबर. आज सकाळी मी नव्या तारेचं टोक सांगाड्याला अडकवलं. सपाट जागेवर हुक मुद्दाम सोडला आणि नव्या चालकाला बस हळू पुढे घ्यायला सांगितलं. तार ताणली, पिन निघाली. कारला मागून मी सगळा जोर लावून ढकललं. वासरू जागचं हललं नाही. मग हुक जोडला, पिन परत बसवली, आणि आम्ही निघालो.