जमीन देणारे काका

आमच्या शेजारचे काका मूळ नागपूरचे. पण कॅन्ससमधल्या आमच्या या छोट्या गावाबद्दल बोलताना ते नेहमी ‘आपण’ म्हणतात. “आपण जमीन दिली म्हणून इथे युनिव्हर्सिटी आली. त्याआधी नुसतं गवत होतं हो!” जणू ते गवत त्यांनीच कापलं होतं. काकांनी एअरपोर्टवरून गाडीने आणलेला प्रत्येक मराठी विद्यार्थी हा इतिहास अर्धवट झोपेत ऐकतो.

यंदा युनिव्हर्सिटीने कॅम्पसमधून जाणारा गावाचा जुना रस्ता बंद करायचं ठरवलं. टाउन हॉलच्या मीटिंगला मीच काकांना घेऊन गेले. ते माइकपाशी जाऊन इंग्रजीत ठणकावून म्हणाले, “जमीन आम्ही दिली. रस्ता गावाचाच राहील, हे तेव्हाच ठरलं होतं!”

“आम्ही म्हणजे कोण?” युनिव्हर्सिटीतर्फे आलेल्या बाईंनी हसून विचारलं. सगळा हॉल हसला. काका गडबडले.

तेवढ्यात मागून एक म्हातारा शेतकरी उठला. “जमीन माझ्या पणजोबांची होती आणि रस्ता गावाचाच ठेवून त्यांनी ती दिली,” तो म्हणाला. “आमच्या घरातही आता कुणी तिचं नाव काढत नाही, हा माणूस काढतो. तेव्हा आम्ही म्हणजे मी आणि हा.”

रस्ता बंद करायचा बेत त्या दिवशीच बारगळला. परतताना काका गाडीत एक शब्द बोलले नाहीत. दार उघडताच काकूंनी मला घाबरून विचारलं, “अगं, यांना बरं नाही का वाटत?”