न वाजवलेली शिट्टी

आमच्या इंजिनियर कंपनीला राजस्थानच्या सीमेवर हलण्याचा हुकूम आला, तेव्हा मी हवालदार होतो. वय चौतीस, नोकरी सोळा वर्षं, घर खडकीला. तिकडे दोन देशांच्या फौजा समोरासमोर उभ्या होत्या. इकडे पुण्यात जो तो कॉम्प्युटरच्या क्लासला पळत होता. माझा धाकटा भाऊ नुकताच हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. मी ट्रंक बांधत असताना त्याने विचारलं, "दादा, तुमच्याकडे अजून सगळं हातानेच करतात?" मी म्हटलं, "हो. म्हणून तर जेवढे हात नेले तेवढे परत आणावे लागतात." हे उत्तर मला तेव्हा फार आवडलं होतं.

हे टिपण मी मुळात आमच्या चर्चच्या तरुण संघासाठी लिहायला घेतलं. पाळकसाहेबांनी विषय दिला होता : ख्रिस्ती माणसाचा निर्धार, आणि तो कसा वाढवावा. म्हणाले, "सुभेदारसाहेब, आपली पोरं वर्षाला कंपनी बदलतात. कशात म्हणून टिकत नाहीत. तुम्ही बोला. तुमच्याइतका निर्धाराचा माणूस मंडळीत दुसरा नाही." मी हो म्हटलं. मंडळीत माझं नाव तसंच आहे आणि ते लहानपणापासून आहे.

आमच्या शब्बाथशाळेत वर्षभर एकही रविवार न चुकवणाऱ्याला बक्षीस असे. मी नऊ वर्षांचा असताना एक्कावन्न रविवार भरले आणि बावन्नाव्याच्या आदल्या दिवशी मला गालगुंड झालं. आई नको म्हणाली. वडील दारूगोळा कारखान्यात फिटर होते, शिस्तीचे. ते म्हणाले, "घेतलं ते तडीस न्यायचं. जाऊ दे त्याला." मी मफलर गुंडाळून गेलो. पुढच्या पंधरवड्यात अर्ध्या वर्गाचे गाल सुजले. बक्षीस मात्र मला मिळालं, आणि त्या अर्ध्या वर्गाबद्दल मला कोणी काही बोललं नाही. तेव्हाच कोणीतरी कान उपटायला हवा होता.

आता सीमेवरचं. हिवाळ्यात आम्ही वाळूत सुरुंग पेरले. त्याला तीन आठवडे लागले. पुढे फौजा मागे घ्यायचं ठरलं आणि पेरलेलं काढण्याचा हुकूम आला. त्याला दहा महिने लागले. पेरताना प्रत्येक ओळीची नोंद केलेली असते. काढताना तेवढेच नग हातात आले पाहिजेत. एक जरी कमी पडला, तरी ती जमीन शेतकऱ्याला परत देता येत नाही. राजस्थानात वाळू चालते. वाऱ्याने टेकडीची टेकडी सरकते आणि सुरुंग खोल जातो, नाहीतर आडवा होतो.

काम असं चालायचं. पांढऱ्या टेपने आखलेल्या चिंचोळ्या लेनमध्ये एक जवान पोटावर पडतो. हातात प्रॉडर, म्हणजे टोकदार सळई. ती तिरपी धरून हळूहळू वाळूत सरकवायची, म्हणजे सुरुंगाच्या कडेला लागते. सळई उभी झाली तर थेट माथ्यावर दाब पडतो. माणूस थकला की मनगट आपोआप उचललं जातं आणि सळई उभी होते, त्याचं त्याला कळत नाही. म्हणून वीस मिनिटांचा नियम. वीस मिनिटं झाली की पार्टी कमांडर शिट्टी वाजवतो. आतल्याने सळई तिथेच ठेवायची, त्याच मार्गाने मागे यायचं, दुसरा आत जातो. सुरुंग अर्धा उघडा पडलेला असला तरी. शिट्टी माझ्याकडे होती.

माझ्या पार्टीत नाईक प्रकाश शिरसाट होता. बिबवेवाडीचा. मूळ घर अकोल्याकडचं, बौद्ध कुटुंब, वडील लवकर गेलेले, एकुलता एक. आई घरीच पिको-फॉलचं मशीन चालवायची. सव्वीस वर्षांचा. हाताने इतका हलका, की कंपनीत त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणायचे. आम्ही दोघे पुण्याचे, त्यामुळे आपसात मराठी बोलायचो. बाकीच्यांना वाटायचं, आम्ही कायम भांडतोय.

रोज सकाळी लेनमध्ये जाण्याआधी मी पार्टीसाठी प्रार्थना करत असे. आमच्यात ख्रिस्ती मी एकटाच, पण सगळे टोपी काढून उभे राहत. मी मोठ्याने म्हणायचो, "प्रभू, हाती घेतलेलं काम अर्धवट टाकून न येण्याचा निर्धार आम्हाला दे." दहा महिने रोज हेच मागितलं. सुखरूप परत आण, असं मी कधी मागितलं नाही. ते मला भित्रेपणाचं वाटायचं. शिरसाट सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' म्हणायचा. एकदा म्हणाला, "उस्ताद, तुमच्या देवाला एवढं रोज रोज सांगावं लागतं का? विसरतो काय तो?" मी म्हटलं, "तो नाही विसरत. तू विसरशील म्हणून सांगतो." तो हसला. पण विसरला नाही.

शेवटच्या महिन्यात एका ओळीत चोवीसपैकी तेवीस सुरुंग निघाले. एक सापडेना. तीन दिवस आम्ही ती पट्टी खालीवर केली. दुसऱ्या पार्ट्या आपापल्या ओळी संपवून पुढे गेल्या. मेसमध्ये टोमणे सुरू झाले, "साळवे उस्तादांचा चोविसावा कुठं रजेवर गेलाय का?" मला ते लागलं. मी वरून हसत होतो, आतून धुमसत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी नऊ दहाला रेडिओवर कंपनी कमांडर मेजरसाहेब आले.

"अल्फा टू, काउंट बताओ. ओवर."

"तेईस, सर. एक मिसिंग. ओवर."

"कोई जल्दी नहीं. आदमी टाइम पे बदलते रहो. ओवर."

"रॉजर, सर. आउट."

हे मुद्दाम लिहितो. वरून कोणाचाही दबाव नव्हता.

नऊ वीसला शिरसाट आत गेला. वारा नव्हता. लेनच्या तोंडापासून तो पंधरा मीटरवर होता. त्याचे बूट मला दिसत होते. नऊ चाळीसला मी शिट्टी तोंडात धरली. त्याच्या डोक्यात वीस मिनिटं पक्की बसलेली होती. मी फुंकण्याआधीच त्याने डावा हात वर केला, दोन बोटं दाखवली आणि मान न वळवता म्हणाला, "उस्ताद, लागलाय. कडच आहे. दोन मिनिटं द्या."

मी शिट्टी तोंडातून काढली. "दोनच," मी म्हणालो.

त्या क्षणी मला काळजी वाटली नाही. अभिमान वाटला. बघा, माझा माणूस काम टाकून येत नाही, असं वाटलं. बदली जवान माझ्या शेजारी हेल्मेट बांधून तयार उभा होता. त्याच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

नऊ एक्केचाळीसला स्फोट झाला. सुरुंग आडवा झालेला होता. ज्याला तो कड समजला, तो माथा होता.

मी टेपच्या आतून सरपटत गेलो आणि त्याला ओढत मागे आणलं. हात, गळा, छाती. चेहऱ्याचं लिहीत नाही. नऊ चौपन्नला अॅम्ब्युलन्स निघाली. फील्ड हॉस्पिटलपर्यंत पावणेदोन तास. मी त्याच्या गळ्यावर पट्टी दाबून सगळा वेळ मोठ्याने प्रार्थना करत होतो. मी कधी केली नसेल इतक्या निर्धाराने केली. एक क्षणही शंका येऊ दिली नाही. रस्त्यात एकदा तो शुद्धीवर आला. म्हणाला, "उस्ताद, सळई उभी झाली हो माझी. माफ करा." मी म्हटलं, "गप्प पड." तेच आमचं शेवटचं बोलणं. एक वाजून दहा मिनिटांनी तो गेला. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचरवरचा माझा हात डॉक्टरांना सोडवावा लागला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. शिट्टी वेळेवर वाजवली होती का, असं मला विचारलं. मी म्हणालो, "वाजवली, सर. वारा होता. त्याला ऐकू गेली नसावी." बदली जवानाला विचारलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "जी, बजी थी." तो एकवीस वर्षांचा होता आणि मी त्याचा उस्ताद होतो. कागदावर तेच गेलं. पुढे मला नायब सुभेदारी मिळाली, मग सुभेदारी. चोविसाव्याचीही नोंद पूर्ण झाली.

सुट्टीवर आलो तसा बिबवेवाडीला गेलो. तिसरा मजला, एका खोलीत मशीन, भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि शेजारी प्रकाशचा फोटो. तोवर पलटणीचं पत्र त्याच्या आईला मिळालं होतं. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "साहेब, शिट्टी त्याला आयकू गेली नाही म्हणतात. लहानपणी त्याचा कान फुटला होता. डावा. महिनाभर वाहत होता. मी घरीच लसणाचं तेल घालत राहिले, दवाखान्यात नेलं नाही. कामं होती न. तोच कान नडला पहा."

मला माहीत होतं की त्याचे दोन्ही कान उत्तम होते. भरतीच्या मेडिकलमध्ये बिघडलेला कान पास होत नाही. एवढं एकच वाक्य मी बोललो असतो तरी त्या सुटल्या असत्या. पण कान चांगला होता म्हटलं, की मग शिट्टीचं काय, हा प्रश्न आलाच असता. मी चहा प्यालो. "चांगला झालाय," म्हणालो.

दरवर्षी मी गेलो. दरवर्षी खडकीहून निघताना ठरवून निघायचो, आज सांगायचंच. तीन जिने चढायचो. त्या कानाचा विषय काढायच्या आणि मी कप उचलायचो. ये रे माझ्या मागल्या. अशी अकरा वर्षं गेली. मधल्या काळात बिबवेवाडीत इमारतींवर इमारती चढल्या, त्यांच्या मशीनला मोटर बसली, माझे केस पांढरे झाले. त्यांचा कान तिथेच होता.

आणि अशा माणसाला पाळकसाहेबांनी निर्धारावर बोलायला सांगितलं. तीन रात्री वही उघडून बसलो. एक ओळ सुचेना. बायको सुशीला म्हणाली, "एवढं काय अवघड आहे? तुम्ही हट्टी आहात ते सगळ्यांना माहीतच आहे. तेच जरा शुद्ध भाषेत लिहा." तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं. पण हट्ट हा शब्द मला बरोबर बसला. मी आयुष्यभर जे केलं तो हट्ट होता. निर्धार करायची वेळ अकरा वेळा आली आणि अकरा वेळा मी चहा पिऊन परत आलो. प्रभूने वधस्तंभाकडे जाण्याआधी, हे टळेल का, असं विचारलं होतं आणि मग तो गेला. मी न विचारता दुसऱ्याला पाठवलं.

शनिवारी दुपारी बिबवेवाडीला गेलो. त्या साडीला फॉल लावत होत्या. बसा म्हणाल्या. मी उभाच राहिलो आणि सगळं सांगितलं. न वाजवलेली शिट्टी, दोन मिनिटं, इन्क्वायरीतलं खोटं. रिपोर्ट देतात तसं सांगितलं, कारण दुसरं कसं सांगायचं ते मला येत नाही.

मशीन थांबलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे कान चांगला होता?"

"हो. दोन्ही."

"तुम्हाला तवापासून माहीत होतं?"

"हो."

"दरसाल मी तुम्हाला कानाचं सांगत होते. तुम्ही इथंच बसून चहा पीत होते."

"हो. अकराही वेळा."

"माझं पोरगं गेलं ते गेलं," त्या म्हणाल्या. "सीमेवर माणसं मरतात. चूक कोणाच्यानं होते. पण अकरा वर्षं मी ह्या हातांना शिव्या घातल्या. झोपेतून उठून घातल्या. ते तुम्ही पाह्यलं."

"पुढच्या वर्षी येऊ का?" मी विचारलं. का विचारलं, मला आजही कळत नाही.

"नका येऊ," त्या म्हणाल्या. आणि मशीन सुरू केलं.

रविवारी तरुण संघापुढे मी हेच सांगितलं. पोरं खाली बघत होती. निर्धार कसा वाढवावा, ते मला सांगता आलं नाही. पाळकसाहेबांनी घाईने समारोपाची प्रार्थना केली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "देव क्षमा करतो, सुभेदारसाहेब." करत असेल. ती मी त्याच्याकडे मागायला गेलो नव्हतो. जिच्याकडे गेलो होतो, तिने दिली नाही आणि तिचं बरोबर आहे. मन हलकं होतं म्हणतात, तसंही काही झालं नाही. उलट वर्षातून एकदा जायचं एक घर होतं, तेही गेलं.

सोमवारी मी पलटणीला लेखी कळवलं की माझी जबानी खोटी होती. उत्तर आलेलं नाही. येईल न येईल. म्हणून इथे लिहून ठेवतो. नाईक प्रकाश शिरसाट, राहणार बिबवेवाडी, पुणे. वय सव्वीस. त्याने हुकूम मोडला नाही. त्याने परवानगी मागितली आणि ती त्याला मिळाली. त्याच्या आईने त्याच्या बाबतीत कसलीही हयगय केलेली नव्हती. त्याचे दोन्ही कान शेवटपर्यंत उत्तम होते.