खिडकीबाहेरचा हात

भातकुलीच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवणाऱ्या त्या माणसाचा उजवा हात कायम खिडकीबाहेर असे. तळवा खाली दाबला की मागच्याने हळू व्हायचं, बोटं पुढे हलवली की ओलांडून जायचं. ट्रकवाल्यांनाही ती भाषा कळे. माझी नवी गाडी मात्र समोर काही आलं की स्वतःच ब्रेक लावते.

"काकाजी, तुमची गाडी कोनाचं आयकते?" स्टँडवर भेटला की तो हसून विचारी. "माह्याशी तं बोलतच नाई."

एकदा त्याने हात दाखवला, म्हणून मी ओलांडून पुढे गेलो. कडेला शेळ्या होत्या. गाडी एकदम थांबली. मला धडकू नये म्हणून त्याने जीप कपाशीत घातली आणि आतल्या एका बाईचा हात मोडला. "हा माझ्या मागे फार जवळून चालवत होता," मी पोलिसांना सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "हात तं म्याच दाखोला व्हता." त्याचं लायसन्स गेलं.

ब्रेक गाडीने लावला की घाबरून मी, हे मला अजून उमगत नाही. पण तो जवळ आला नव्हता, ओलांडून मीच त्याच्या पुढ्यात शिरलो होतो. मी खोटं बोललो.

परवा तो दुसऱ्याच्या जीपमध्ये डावीकडे बसलेला दिसला. आरशात मला मागे पाहून त्याने डावा हात बाहेर काढला. जा म्हणत होता की थांब, कळेना. भातकुली येईपर्यंत मी मागेच राहिलो.