पारूनं शिवलेलं अंगडं

तवा पडवीत आमी तिघीच होतो: मी, शेजारची पारू आन् माझी सासू. मला आन् पारूला पाचवा म्हैना सरलेला. माझ्या पोटात काय हलत नव्हतं. सासू म्हणली, "दगड हाय आत. खाती मातुर दोघांचं."

आपल्या लेकराचं आधी शिवू नये म्हणत्यात, म्हणून पारू माझ्या लेकराचं अंगडं शिवायची, मी तिच्या. सासूनं पारूच्या हातातलं अंगडं हिसकून चुलीत घातलं. पारूनं सोताच्या लुगड्याचा पदर फाडला आन् परत शिवायला बसली. म्हणली, "माझंबी लई दिस गप होतं गं." खोटं होतं ते. पण त्याच धीरावर मी जेवले. पुढं लेकरू हललं.

आज दवाखान्यात दोन पोटुशी पोरी एकमेकीच्या कानाशी लागलेल्या. नर्स खेकसली, "गप बसा." डाक्तरीणबाई, तुमी तरी त्यांना बोलू द्या.